शेवटच्या खेपेआधी फुटलेली सुरई

जवळ जायचं असलं तरी कुलूप लावताना मागे एकदा पाहावं

सुरई इन्शिराहच्या उंबऱ्यावर फुटली होती.

पहिली खेप नव्या घरी उतरवून इन्शिराह परत आली होती. दर मजल्याला थांबत, गुडघे दाबत, कठड्याला शिव्या घालत. हे जिने सुटावेत म्हणूनच तर घर बदलायचं होतं. पाचव्या मजल्यावरून तळमजल्यावर, तेही याच शुब्रा वस्तीत, दोन गल्ल्या पलीकडे. गाढवगाडीवाला अजून खाली लगाम बांधत होता, हमाल रसवाल्याकडे उभे होते, आणि ती शेवटची पायरी चढून वर आली तर दारात मातीचे तुकडे आणि पाणी.

तिने आरडाओरडा केला नाही. कुलूप काढलं, तुकडे ओलांडले, आत जाऊन उरलेल्या सोफ्यावर बसली. हमाल वर आले तेव्हा त्यांना म्हणाली, "कशाला हात लावू नका. खाली जा. माझ्या भावाला पाठवा."

नकोसा माणूस निघून जातो तेव्हा त्याच्या पाठीमागे सुरई फोडतात. तोंडाने काही बोलावं लागत नाही. गेलास, सुटलो, परत तोंड दाखवू नकोस, हे सगळं त्या एका आवाजात येतं. सासूच्या पाठीमागे फोडतात, वाईट साहेबाची बदली झाली की फोडतात, आणि गल्लीतली पोरंसोरं हसतात. पण इन्शिराहच्या पाठीमागे? जिने या इमारतीतली निम्मी मुलं आपल्या हाताने न्हाऊ घातली होती तिच्या?

वगदी धापा टाकत आला. तो तिचा धाकटा भाऊ. स्वतःचे केस पांढरे झाले तरी तिला आब्लाच म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"कुणाचं काम आहे ते शोध," इन्शिराह म्हणाली. "नाव कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"आब्ला, संध्याकाळच्या बांगेआधी मालकाला किल्ली द्यायची आहे. नवे भाडेकरू येऊन उभे राहतील."

"उभे राहू देत. आणि ऐक. नाव कळलं नाही, तर मी या इमारतीतल्या एकाही माणसाला पुन्हा सलाम करणार नाही. लग्नाला नाही, मयताला नाही. कोण ते माहीत नसलं म्हणजे सगळेच."

ती थट्टा करत नव्हती. त्यांच्या आईनेही एकदा असंच म्हटलं होतं, आणि ज्याच्याबद्दल म्हटलं होतं तो मामा आईच्या जनाज्यालाच आला होता.

फुटणारं सामान शेवटच्या खेपेला ठेवू नये

वगदीची सगळी नोकरी फुटलेल्या मालात गेली होती. रेल्वेने पाठवलेली काचेची झुंबरं, आरसे, मधाच्या बरण्या वाटेत फुटल्या की त्याला बोलावत. कुणी फेकलं, कुणी पाडलं, कुणी आधीच फुटलेलं भरलं, हे तो पेटीकडे बघून सांगे. माणसांशी तो नंतर बोलायचा.

आताही तो उकिडवा बसला आणि तुकड्यांकडे पाहत राहिला.

सुरईची मान अख्खी होती. बूड तीन तुकड्यांत, जुनं, हिरवट, वापरातलं. पाणी दाराखालून आत शिरून फरशीवर लांब जीभ काढून पसरलं होतं. म्हणजे सुरई काठोकाठ भरलेली होती.

"आब्ला, पाठीमागे फोडायची सुरई लोक कुठली घेतात?"

"कुठली म्हणजे? चिरलेली. गळकी. चांगली कोण फोडेल?"

"आणि भरलेली?"

इन्शिराहने पर्स मांडीवर ओढून घेतली.

त्याने एक तुकडा उचलून हुंगला. रुमी मस्तकीची धुरी, पाण्याला सुवास यावा म्हणून सुरईला देतात ती, त्या सुगंधी डिंकाची. सकाळीच दिलेली, वास अजून ओल्या मातीत दबून बसला होता. कुणीतरी सुरई धुऊन, धुरी देऊन, गार पाण्याने भरून वर आणली आणि मग फोडली.

"सकाळी निघालीस तेव्हा जिन्यात कुणी भेटलं?"

"कुणी नाही. उजाडायचं होतं. सामान काही जिन्याने नेलं नाही, रस्त्याच्या बाजूने बाल्कनीतून दोरीने सोडलं. मी एकटी खाली उतरले. पाय न वाजवता."

"पाय न वाजवता का?"

"लोक झोपलेले असतात," इन्शिराह म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. एवढ्या वेळात तिने उंबऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. वगदीच्या हातातला तुकडासुद्धा तिने पाहायला मागितला नाही.

ते त्याला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दरवानाला आदल्या दिवशी खूश करून ठेवावं

"ज़ैनहुम, खरं सांग."

"मी? उस्ताद, मी? या हातांनी? हे हात त्यांच्या भाज्या वर चढवून झिजले!"

"काल तू आब्लाशी भांडलास."

"भांडलो. का नाही भांडणार? इमारतीचा दरवान मी. सामान उतरवायला माझे गाववाले सोडून परके हमाल आणले. माझ्या तोंडाला काळं फासलं. पण भांडलो ते तोंडावर. मी सईदचा, दक्षिणेच्या मुलखातला माणूस आहे, मागून काही करत नाही."

"दारातल्या घडवंचीवर तुझ्या तीन सुरया असतात, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. आज दोनच आहेत."

"तिसरी मांजराने पाडली. परवा. विचारा कुणालाही."

"मांजर काय सांगणार?"

"मांजराला नका विचारू, उस्ताद, कचरेवाल्याला विचारा."

"मस्तकीची धुरी देतोस सुरयांना?"

"कुणासाठी? गाडीवाल्यांसाठी? पाणी गार आहे हेच पुष्कळ. मस्तकी वरच्या बाया जाळतात. निम्म्या इमारतीत जळते."

"सकाळी बाहेरून कुणी आलं?"

"फाटक मी उघडलं हमालांसाठी. परत लावलं. चिमणीसुद्धा आत गेली नाही."

"म्हणजे इमारतीतलंच कुणीतरी."

"मी ते म्हटलं नाही. उस्ताद, एक विचारू? मला फोडायचीच असती, तर आज सकाळी कशाला फोडीन? गाडी भरताना मीच दोरी धरली होती. आब्ला स्वतः म्हणाल्या, ज़ैनहुम, सोफा आणि फ्रीज दुसऱ्या खेपेला. गेलेल्या माणसामागे फोडतात. गेलंय कोण?"

दोरी ज्यांच्या बाल्कनीसमोरून जाणार त्यांना आधी विचारावं

पहिल्या मजल्यावर मादाम ओदेत बाल्कनीत भेंडी खुडत बसली होती. वरून इन्शिराहचे ओले कपडे हिच्या वाळलेल्या कपड्यांवर ठिबकायचे. या ठिबकण्यावरून दोघींचं कधीच पटलं नव्हतं. ओदेतचा नवरा गेला तेव्हा इन्शिराहने सात दिवस डबा पाठवला, आणि आठव्या दिवशी पुन्हा भांडण सुरू झालं.

"ये रे वगदी, बस. मला कळलं. सगळ्या इमारतीला कळलं. माझ्यावरच संशय असेल ना तुझ्या बहिणीचा?"

"तिने कुणाचं नाव घेतलं नाही, मादाम."

"घेतलं असतं तरी मी रागावले नसते. हक्क आहे तिचा." ती भेंडीची परात खाली ठेवून उठली, आत गेली आणि एक सुरई घेऊन आली. मानेपासून बुडापर्यंत चीर गेलेली, कोरडी ठणठणीत. ती तिने परातीशेजारी ठेवली.

वगदी पाहत राहिला.

"ही काय?"

"ही तुझ्या बहिणीसाठी. कोपऱ्यात जपून ठेवली आहे कधीपासून. तिला ज्या दिवशी कळलं जिने झेपत नाहीत, त्या दिवसापासून. कुमारी मरियमची शपथ, आज मी लवकर उठून केस विंचरले ते यासाठी."

"मग?"

"मग काय मग? सोफा जायचाय की अजून! दोरी माझ्या नाकासमोरून जाते. पलंग गेला, कपाट गेलं, मी मोजत बसले होते. सोफा खाली गेला, ती फाटकाबाहेर पडली, की मग. मध्येच फोडून बाई परत वर आली तर तोंड कुठे लपवू?" ओदेत पुन्हा भेंडीकडे वळली. "कुणी मूर्खाने माझ्याआधी फोडली. आता मी फोडली तर लोक म्हणतील, ओदेतने नक्कल केली. सगळी मजा घालवली."

वगदीला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. ज़ैनहुम जे म्हणाला तेच ही म्हणत होती. ज्याला ज्याला इन्शिराहचा राग होता, त्याला त्याला ती परत येणार हे ठाऊक होतं.

"मादाम, पाण्यात तुम्ही मस्तकी घालता?"

"छे. नारिंगीच्या फुलांचा अर्क. मस्तकीने मला खोकला येतो. का रे?"

तो जिन्याकडे निघाला होता. ओदेत मागून म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती:

"वगदी. ही माझी सुरई... मी फोडली असती, पण उद्या भेंडीचा डबा पण पाठवला असता. तिला तेवढं सांग."

पाटी सगळ्यात शेवटी काढावी

पाचव्या मजल्यावर पोचताना वगदीचं लक्ष इन्शिराहच्या दाराकडे गेलं, आणि नावाच्या पितळी पाटीच्या जागी त्याला चार भोकं दिसली. पाटी हमालांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून इन्शिराहने ती पहाटेच काढून पर्समध्ये टाकली होती.

शेजाऱ्यांच्या आणलेल्या वस्तू वेळेवर परत कराव्यात

समोरचं दार अवातिफचं.

वगदीने इन्शिराहच्या स्वयंपाकघरातून एक तांब्याचं पातेलं उचललं. त्याच्या कानावर अवातिफच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. ते किती वर्षं या घरात होतं कुणास ठाऊक. ते हातात धरून त्याने बेल वाजवली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. अवातिफने डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधला होता. डोळे सुजलेले.

"तू? अजून इथे?" मग पातेल्याकडे पाहून, "हे कशाला? राहू द्यायचं होतं."

"आब्ला म्हणाली, देऊन ये." खोटं बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ती आत वळली. तो मागोमाग स्वयंपाकघरात गेला. हे घर इमारतीच्या पोटातलं. खिडक्या सगळ्या हवेच्या चौकाकडे, जिथे फक्त पाइप, कबुतरं आणि दुसऱ्यांच्या फोडणीचा वास. खिडकीत जस्ताचं ताट होतं, सुरया ठेवायचं. त्यात दोन सुरया उभ्या, आणि तिसऱ्या जागी ओला गोल डाग.

वगदीने डागाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. चुलीशेजारी लहान धुपाटणं होतं. राख अजून पांढरीफेक.

"इथून रस्ता दिसत नाही, नाही का?" तो म्हणाला.

"दिसला असता तर..." अवातिफ थांबली. पातेलं फळीवर ठेवू लागली. फळीवर जागा होती, तरी तिला ते नीट ठेवता येईना. "मघाशी समोर आवाज आले. नवे भाडेकरू आले वाटतं? बरे आहेत का? मुलं आहेत?"

"भाडेकरू नाहीत. ते संध्याकाळी येतील."

"मग आवाज?"

"आब्ला आहे. सोफ्यावर बसली आहे. सामान अजून निम्मं आहे इथे."

पातेलं फळीवरून सुटून ओट्यावर आपटलं आणि गरगरत राहिलं. दोघांपैकी कुणीही ते थांबवलं नाही.

"ती... आत आहे?" अवातिफ म्हणाली. "आत्ता? त्या दारामागे?"

वगदीला काही विचारायचं उरलं नव्हतं.

अंतर कमी असलं म्हणून

तो परत आला तेव्हा इन्शिराह तशीच बसली होती. त्याने दार लावून घेतलं. जमिनीवर, तिच्या पायांशी बसला, लहानपणी बसायचा तसा.

क्षणभर त्याच्या मनात आलं, सांगून टाकावं: हमालाचा धक्का लागला. नोकरीत त्याने अशी खोटी कारणं शेकड्याने ऐकली होती, एखादं आपणही सांगावं. पण खोटं उभं राहण्यासाठी ऐकणाऱ्याला ते हवं असावं लागतं, आणि तिला ते हवं आहे की नाही हेच त्याला अजून कळत नव्हतं.

"आब्ला, सुरई चांगली होती. भरलेली होती. धुरी दिलेली होती. फोडायला आणलेली नव्हती. कुणीतरी ती तुला द्यायला आणली होती."

"मग फुटली कशी?"

"फोडली. रागानेच फोडली. पण आणताना राग नव्हता. राग या दारासमोर आला. पाटी नाही. दार ठोठावलं तर आतून रिकाम्या खोल्यांचा आवाज. त्या माणसाला वाटलं, तू गेलीस. कायमची. न सांगता."

इन्शिराहची बोटं सोफ्याच्या शिवणीवर फिरत होती.

"ज़ैनहुमला माहीत होतं तू परत येणार. ओदेतला माहीत होतं. दोरी धरणाऱ्याला, गाडीवाल्याला, रसवाल्याला, सगळ्यांना. ज्याने सुरई फोडली, त्याला मात्र माहीत नव्हतं. अख्ख्या इमारतीत असं एकच माणूस आहे. ज्याच्या खिडकीतून रस्ता दिसत नाही, आणि ज्याला तू आजचा दिवस सांगितला नाहीस."

खाली गाढव एकदा ओरडलं.

"मी नाव घेत नाही," वगदी म्हणाला. "कारण तुला ते माहीत आहे. तू उंबऱ्यावर आलीस तेव्हाच तुला वास आला होता."

"निम्मी इमारत मस्तकी जाळते."

"आब्ला."

"आला होता," इन्शिराह म्हणाली. "तिच्या हातची धुरी मला डोळे मिटून कळते. जरा जास्तच जाळते ती, कडवट होईपर्यंत." तिने पदरासारखा रुमाल ओढून डोळ्यांवर धरला. "मला वाटलं, तू हुशार आहेस. दुसऱ्या कुणाचं तरी नाव काढशील. ओदेतचं काढलं असतंस तर मी किती खूश झाले असते रे."

"तिला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? दोन गल्ल्या! कुवेतला चालले होते का मी मुलाकडे? निरोप कसला घ्यायचा दोन गल्ल्यांसाठी? ती म्हणाली होती, नव्या घरात पहिलं पाणी माझ्या हातचं जाईल, मी तुझ्याबरोबर चालत येईन. मी म्हटलं, बघू गं. ती रोज विचारायची, उद्या का? मी रोज म्हणायचे, अजून ठरलं नाही. सांगितलं असतं तर ती रडली असती, मी रडले असते, गाडी तशीच परत गेली असती. म्हटलं, सोफा गेला की शेवटी जाऊन सांगू. सगळं उरकलं की."

"ती रोज सकाळी सुरई भरून ठेवत होती, आब्ला. कुठला दिवस ते माहीत नव्हतं म्हणून."

हे बोलायला नको होतं, हे त्याला वाक्य संपायच्या आतच कळलं. इन्शिराहने रुमालाखालून नुसतं डोकं हलवलं, जणू कुणी तिला किंमत सांगितली होती आणि घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं.

मग ती उठली. गुडघ्यांनी आवाज केला. "चल. माझ्याबरोबर ये. एकटीला जमणार नाही."

*

अवातिफने पहिल्याच बेलला दार उघडलं. तेवढ्या वेळात तिने तोंड धुतलं होतं, रुमाल बदलला होता, बाहेर जाण्याचा झगा चढवला होता.

"अवातिफ," इन्शिराह म्हणाली, "मी शेवटी येणार होते गं. तुझी शपथ. सामान उरकलं की..."

"या ना," अवातिफ म्हणाली. "आत या. दारात का उभ्या?"

इन्शिराह सवयीने डावीकडे वळली, स्वयंपाकघराकडे. तिथल्या खिडकीखालच्या चौरंगावर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. लसूण सोलत, तांदूळ निवडत, अवातिफच्या हातची कॉफी पीत, नवऱ्यांबद्दल आणि मग नवऱ्यांच्या आठवणींबद्दल बोलत.

"तिकडे नको," अवातिफ म्हणाली. "तिकडे पसारा आहे."

तिने उजवीकडची खोली उघडली. सोनेरी पायांच्या खुर्च्यांवरच्या पांढऱ्या चादरी तिने एकेक करून काढल्या, घड्या घातल्या, पंख्याचं बटण दाबलं. या खोलीत मुलीला बघायला आलेले लोक बसले होते, डॉक्टर बसले होते, नवरा गेला तेव्हा मशिदीतले लोक बसले होते. इन्शिराह इथे कधी बसली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, पर्स मांडीवर धरून. वगदी तिच्या शेजारी.

"सुरईबद्दल," इन्शिराह म्हणाली.

"कुठली सुरई?" अवातिफ हसली. चांगलं हसली, लोकांसमोर हसतात तसं. "फुटायचीच वस्तू ती. नवं घर कसं आहे? हवा येते?"

"येते."

"जिने नाहीत हे फार बरं झालं."

"अवातिफ, अगं दोनच गल्ल्या तर आहेत. तू रोज..."

"हो तर. येईन ना. सवड काढून नक्की येईन."

ती काचेच्या कपाटाकडे गेली. तिच्या लग्नात आलेले, सोनेरी कडांचे, कुणी आजवर ओठ न लावलेले कप तिथे मांडलेले होते. तिने त्यातले दोन काढले, प्रकाशात धरून पाहिले, झग्याच्या बाहीने पुसले. वगदीने दाराकडे पाहिलं. खाली हमाल त्याच्या नावाने हाका मारत होते. त्याला उठावंसं वाटलं आणि उठता आलं नाही. आपण काढलेलं उत्तर एकूण एक बरोबर होतं, आणि ते इथे, या खोलीत, कुणाच्याही कामाचं नव्हतं.

अवातिफ ट्रे घेऊन दारात थांबली, वळली, आणि अगदी अदबीने तिने विचारलं:

"कॉफीत साखर किती घेता तुम्ही?"

इन्शिराहने तिच्याकडे पाहिलं. पर्सवरची तिची बोटं सुटली आणि पुन्हा मिटली.

"मध्यम," ती म्हणाली. "मध्यम चालेल."